पोट भरते, पण पाडी भरत नाही

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका वाचक भगिनीचे पत्र चार पानी आहे. त्यातला कामाचा भाग तेवढा देतो :

‘काका, माझ्याकडे दोन जर्सी संकरित पाड्या आहेत, दोन्ही गावातूनच घेतलेल्या. मोठी चौदा महिन्यांची, धाकटी पाच. सरदाचा, म्हणजे पावसाळी भाताचा, पेंढा गव्हाणीत कायम असतो, त्याला खंड नाही. शिवाय कुळागराच्या (माड-पोफळीच्या बागेच्या) कडेला सहाशे चौरस मीटरवर नेपिअर गवत लावलेय. तो पुरुषभर उंच झाला की एका टोकाकडून कापत जाते. संध्याकाळी मूठ-दोन मूठ कोंडा. दोघींची पोटे घागरीसारखी सुटली आहेत, पण पाठीचा कणा दिसतो, केस राठ आणि उभे. शेणात गवताच्या काड्या अख्ख्या दिसतात. मोठी अजून माजावर नाही. घरात सासूबाईंची पांढरी गावठी गाय आहे, सध्या भाकड. तीही हेच खाते आणि तुकतुकीत दिसते. सासूबाई म्हणतात, जर्सीची जातच फुकट. एकाने पेंढ्यावर युरिया मारायला सांगितले, पण वाड्यावरचा एक बैल युरियाचे पाणी पिऊन मेला होता, त्यामुळे धीर होत नाही. मोठीला विकून टाकावी का? टेप लावून मापे घेतली आहेत : मोठीचा छातीचा घेर ४५ इंच, लांबी ४० इंच.’

ताई,

मापे पाठवलीत हे फार बरे केलेत. बहुतेक पत्रांत ‘वासरू बारीक आहे’ एवढेच असते, आणि बारीक म्हणजे किती बारीक हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसते. घेराला घेराने गुणायचे, आलेल्या आकड्याला लांबीने गुणायचे आणि ६६० ने भागायचे, की वजन किलोत मिळते. तुमची मोठी १२३ किलोची भरते. जन्मताना २५ किलोची धरली, तर चौदा महिन्यांत ९८ किलो वाढली. म्हणजे दिवसाला सुमारे २३० ग्रॅम. संकरित पाडीने दिवसाला ४०० ते ५०० ग्रॅम वाढावे अशी अपेक्षा असते. त्या हिशेबाने ती आज १९० किलोच्या पुढे असायला हवी होती.

आता माजाचे. पाडी माजावर येते ती वजन पाहून, कॅलेंडर पाहून नव्हे. संकरित पाडी साधारण २५० किलोची झाली की फळवावी. आजच्या चालीने तिथे पोचायला तिला अजून दीड वर्ष लागेल. तीच ४५० ग्रॅमने वाढू लागली तर साडेनऊ महिने. तेव्हा माजासाठी इंजेक्शन, औषध असले काही आत्ता शोधू नका. तिचे गर्भाशय वजनाची वाट बघत बसले आहे.

सासूबाईंनी जे पाहिले ते खरे आहे. त्यावरून काढलेला अर्थ मात्र मला पटत नाही. एकाच गव्हाणीतला पेंढा म्हातारीला लागू पडतो आणि पोरीला पडत नाही, ह्यात जातीचा भाग थोडा आहे, वयाचा आणि आकाराचा जास्त. हे एकदा नीट उलगडले की बाकीची उत्तरे आपोआप सुटतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गवतात दोन प्रकारचा माल असतो. एक पेशीच्या आतला रस : साखर, प्रथिने वगैरे. तो कोणालाही पचतो. दुसरा पेशीची भिंत, म्हणजेच तंतू. ह्या भिंतीत सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज असते, आणि गवत जून होऊ लागले की त्यात लिग्निन भरत जाते. लिग्निन म्हणजे गवताला ताठ उभे करणारा चिवट पदार्थ. लाकडाला लाकूडपण देतो तोच. सेल्युलोज पचवणारा पाचकरस गाईच्या अंगात बनतच नाही. ते काम कोटीपोटातले, म्हणजे गुराच्या पहिल्या, सर्वांत मोठ्या पोटातले सूक्ष्मजीव करतात, आणि लिग्निन त्यांनाही फोडता येत नाही. ते स्वतः पचत नाही एवढेच असते तर चालले असते. पण ते शेजारच्या हेमिसेल्युलोजला असे बिलगलेले असते की जे पचण्याजोगे आहे तिथेही जंतूंचा हात पोचत नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेत पीटर व्हॅन सोस्ट ह्या शास्त्रज्ञाने वैरण साबणासारख्या द्रावात उकळून रस आणि भिंत वेगळी करण्याची पद्धत बसवली. चाऱ्याच्या तपासणीच्या कागदावर ‘एनडीएफ’ असे लिहिलेले असते, तो ह्या भिंतीचा आकडा. भाताच्या पेंढ्यात तो ७० टक्क्यांच्या आसपास येतो.

आता गणित घाला. गुराच्या पोटात दिवसाला किती भिंत मावते ह्याला मर्यादा असते. वाढत्या पाडीत ती वजनाच्या सुमारे एक टक्का धरतात. म्हणजे तुमच्या मोठीला सव्वा किलोच्या जवळपास तंतू, म्हणजेच पावणेदोन किलो सुका पेंढा. त्यातला पचतो निम्म्याहून कमी, चाळीस-पंचेचाळीस टक्के. हाती आले पाऊण किलो पोषण. दिवसाला ४५० ग्रॅम वाढायला तिला पचणारे अन्न हवे दोन किलोच्या घरात. गव्हाण भरलेली, पोट भरलेले, आणि पाडी निम्म्याहून जास्त उपाशी.

तोच हिशेब सासूबाईंच्या गाईचा. ती तीनशे किलोची धरा. मोठ्या गाईत तंतूची मर्यादा जराशी जास्त, वजनाच्या सव्वा टक्क्याच्या आतबाहेर. पाच किलो पेंढा ती सहज रिचवते, आणि त्यातून तिला सव्वादोन किलो पोषण मिळते. भाकड गाईला नुसते जगायला लागते तेवढेच. वर शेतातल्या कापणीनंतरच्या चरणीत चार घास मिळाले की कातडीवर तेज येते. तिला वाढायचे नाही, दूध द्यायचे नाही. आणखी एक गोष्ट : पोटाची जागा वजनाच्या प्रमाणात वाढते, पण अंगाची भूक त्या प्रमाणात वाढत नाही. शंभर किलोचे जनावर आणि चारशे किलोचे जनावर घेतले, तर पोट चौपट असते, पण नुसते जगण्याची गरज पावणेतीनपट. म्हणजे लहान जनावराला किलोमागे जास्त पोषण लागते आणि ते मावायला जागा मात्र किलोमागे तेवढीच. म्हणूनच निबर चारा म्हाताऱ्या गाईला पुरतो आणि वाढत्या पोरीला पुरत नाही. रानातही पाहा, हत्ती झाडाची साल खाऊन जगतो, पिसई, म्हणजे चिमुकले मूषकहरीण, मात्र कोवळे पान निवडून खाते.

ती पांढरी गाय बहुधा श्वेत कपिला असावी. नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत पांढरी, पापण्यासुद्धा पांढऱ्या, असे असेल तर तीच. गोव्याची ही जात कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने स्वतंत्र जात म्हणून नोंदली आहे. दिवसाला दोन-तीन लिटर दूध देते, पण मागणीही त्याच बेताची. सासूबाईंना एवढे सांगा, त्यांच्या गाईचा मान कमी करायचा माझा मुळीच विचार नाही.

आता तुमचा पेंढा आणि तुमचा नेपिअर, दोन्हींत काय बिनसले आहे ते.

भाताचा पेंढा इतर धान्यांच्या काडासारखा नसतो. गव्हाच्या किंवा ज्वारीच्या काडात पान चांगले पचते आणि दांडा कमी. भातात उलटे. भाताचे रोप जमिनीतून वाळूचे सत्त्व, म्हणजे सिलिका, भरपूर ओढते आणि पानांत साठवते. आपण पात हातावर ओढली की कापते, ती त्या सिलिकेची धार. त्यामुळे पेंढ्यात दांडा पानापेक्षा बरा पचतो. मशीनने कापणी होते तेव्हा दांड्याचा खालचा बरा भाग शेतातच खुंट म्हणून उरतो आणि आपण आणतो तो वरचा पाचोळा. शक्य असेल तिथे विळ्याने जमिनीलगत कापलेला पेंढा पाडीसाठी वेगळा रचा. कापणीच्या वेळी थोडा हिरवटपणा असलेला आणि लगेच वाळवलेला असेल तर आणखी चांगला. ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात शेतात भिजून पडलेला पेंढा वासरांना नकोच.

पेंढ्याचे दुसरे दुखणे प्रथिनांचे. त्यात ती जेमतेम तीन-चार टक्के. कोटीपोटातल्या जंतूंना स्वतःची संख्या वाढवायला नत्र लागते. एकूण आहारात प्रथिने सात टक्क्यांच्या खाली गेली की जंतूच उपाशी राहतात. मग तंतू पोटात तसाच पडून राहतो, पुढे सरकत नाही, नवा घास आत जायला जागा होत नाही. तुम्ही जी घागर म्हणता ना, ती बरीचशी ही साठलेली काडी आहे. पोट सुटले म्हणजे खाऊन तृप्त झाली, असे समजणारे लोक मला आजही भेटतात. लग्नाच्या पंक्तीतली सवय गोठ्यापर्यंत येते.

आणि नेपिअर. इथे तुमची चूक आहे, तरी ती गोव्यात घरोघरी होते म्हणून रागावत नाही. उंच झाला की जास्त मिळतो, हे वजनापुरते खरे. पण ४५ दिवसांच्या नेपिअरात प्रथिने नऊ-दहा टक्के असतात आणि शंभरातला साठच्या आसपास भाग पचतो. ९० दिवसांच्या नेपिअरात प्रथिने निम्म्यावर येतात आणि पचणारा भाग पन्नासच्याही खाली जाऊ शकतो. तोवर दांड्यात लिग्निन भरलेले असते, दांडा पानांपेक्षा वजनाने वाढलेला असतो. आपल्याकडच्या उष्णतेत हे फार भरभर होते. थंड मुलुखातल्या पुस्तकांतले ‘आठ-दहा आठवड्यांनी कापा’ असले सल्ले इथे लागू नाहीत. पुरुषभर उंच नेपिअर म्हणजे हिरवा रंग दिलेला पेंढाच.

उपाय सोपा आहे आणि पैशाचा नाही. एका टोकाकडून कापत जाता, दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत तीन महिने लोटतात, खरे दुखणे तिथे आहे. सहाशे चौरस मीटरचे नऊ पट्टे पाडा. प्रत्येक पट्टा पाच दिवसांत संपवायचा, की पंचेचाळीस दिवसांनी पहिल्या पट्ट्यावर परत. जमिनीपासून वीतभर ठेवून कापा, फुटवे चांगले येतात. कापलेल्या पट्ट्यात लगेच शेणखत आणि पाटाचे पाणी. खतपाणी नीट राहिले तर एवढ्या जागेतून रोज तीसेक किलो हिरवा चारा निघावा. दोन पाड्यांना पंधरा, उरलेला गाईला. पावसाळ्यात नेपिअर धावतो, तेव्हा पस्तीस-चाळीस दिवसांनीच कापा. सुरुवातीला जो जून भाग आज उभा आहे तो सासूबाईंच्या गाईला घाला, नाहीतर सरळ माडांच्या बुंध्यात आच्छादन टाका. तो जाईल म्हणून हळहळू नका. जागा रिकामी होणे जास्त महत्त्वाचे.

उलट्या बाजूचा अतिरेकही नको. महिन्याच्या आतला, पाणचट, नुकताच युरिया खत दिलेला नेपिअर वासरांना घातला तर नायट्रेटची विषबाधा होऊ शकते, आणि नेपिअरात ऑक्झलेट असते तेही कोवळ्या फुटव्यात जास्त. ऑक्झलेट चुना, म्हणजे कॅल्शियम, बांधून ठेवते. आपली जांभ्या दगडाची आंबट माती स्फुरदात आधीच गरीब. म्हणून दोघींना रोज खनिज मिश्रण द्या, मोठीला ३० ग्रॅम, धाकटीला १५. भिंत चाटणे, दोरखंड चघळणे चालू असेल तर त्याचे कारण बहुतेक वेळा हेच.

प्रथिनांसाठी विकतच्या पेंडेवरच अवलंबून राहू नका. तुमच्या कुंपणाला गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) असेलच. त्याच्या पाल्यात प्रथिने वीस टक्क्यांच्या वर असतात. वास उग्र म्हणून गुरे पहिले दोन दिवस तोंड फिरवतात. पाला दिवसभर सावलीत सुकवून नेपिअरात मिसळला की खातात. मोठीला दिवसाला किलो-दीड किलो ओला पाला पुरे. वायंगणात, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या पिकात, अळसांदे (चवळी) किंवा भुईमूग घेत असाल तर शेंगा काढल्यावरचे वेल फेकू नका, वाळवून ठेवा. पाडीसाठी ते पेंढ्यापेक्षा कितीतरी वरच्या दर्जाचे. तुमच्या भागात काहीजण सुपारीच्या पोयी (झावळीच्या बुडाची रुंद आवरणे) कापून घालतात. बुरशी नसलेली, बारीक केलेली पोय पेंढ्याच्या जागी चालते, पण पोषण पेंढ्याइतकेच; तिच्याकडून जास्त अपेक्षा नको. काजूच्या दिवसांत बोंडूचा चोथा मात्र ह्या दोघींपासून दूर ठेवा. आंबलेला चोथा खाऊन झिंगलेली गुरे मी पाहिली आहेत. बघ्यांना गंमत वाटते, गुराच्या पोटाची दैना होते.

आता आंबोण. तुम्ही मूठभर कोंडा देता, तेवढ्याने काही होत नाही. मोठीला दिवसाला एक किलो आंबोण, सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा. विकतचे वासरांचे पशुखाद्य चालेल. घरी करायचे तर शंभर किलोला मका भरडा ३५, भुईमुगाची पेंड १५, खोबऱ्याची पेंड २५, भाताचा कोंडा २२, खनिज मिश्रण दोन आणि मीठ एक किलो. ह्यात सतरा-अठरा टक्के प्रथिने येतात. अशा आंबोणात खनिज आहेच, पण वर सांगितलेले चालू ठेवा. भुईमुगाची पेंड दमट हवेत लवकर बुरशी धरते, वास घेऊनच वापरा.

पण आंबोण चांगले म्हणून दुप्पट करू नका. पिष्ट जास्त झाले की कोटीपोट आंबट होते आणि तंतू फोडणारे जंतू सर्वांत आधी हाय खातात. म्हणजे पैसे घालून चारा वाया. आपल्याकडे पेजेचे पाणी आणि उरलेला भात गुरांना घालायची रीत आहे. वाटीभराला हरकत नाही. चवथीच्या दुसऱ्या दिवशी मात्र बादलीभर भात, उसळ, वर चार नेवऱ्या असे सगळे एकाच वासरापुढे जाते आणि संध्याकाळी डॉक्टरांना फोन होतो. दरवर्षी.

मोठीचा एकूण दिवस असा बसेल : ४५ दिवसांचा नेपिअर दहा किलो, पेंढा एक किलो, आंबोण एक किलो. सुका भाग पावणेचार किलोच्या आत, पचणारे दोन किलो, प्रथिने चारशे ग्रॅमच्या आसपास. तिची गरज एवढीच आहे. नवा आहार एका दिवसात सुरू करू नका, आठ-दहा दिवस घ्या. जंतूंचीही घडी बदलावी लागते.

कुट्टी करा, पण इंचभराची. इथे माझीच एक जुनी चूक सांगतो. नोकरीला लागलो त्या काळात मला वाटे की पेंढा जितका बारीक तितका पचायला हलका. एका शेतकऱ्याला मी पेंढा अगदी भुशासारखा दळून घालायला लावला. वासरे आवडीने खात. महिन्याने वजन केले तर वाढ आधीपेक्षा कमी. बारीक भुसा कोटीपोटात थांबतच नाही, जंतूंना काम करायला वेळ मिळण्याआधीच पुढे निघून जातो. वर रवंथ बंद. रवंथ बंद म्हणजे लाळ कमी, लाळ कमी म्हणजे पोट आंबट. त्या शेतकऱ्याने मला शिव्या दिल्या नाहीत, चहा पाजला. ते जास्त लागले. तंतू पोटात किती वेळ राहतो आणि किती वेगाने फुटतो, ह्या दोन वेगांच्या शर्यतीवर सगळे पचन ठरते. जून काडी थांबते पण फुटत नाही, भुसा फुटण्याआधीच पळतो.

शेणातल्या काड्यांचे विचारलेत. एक ओंजळ शेण जुन्या चाळणीत घ्या (स्वयंपाकघरातली नको, सासूबाईंना कळले तर माझे नाव सांगाल) आणि नळाखाली पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. चाळणीत उरते त्यात बोटाच्या पेरापेक्षा लांब काड्या पुष्कळ असतील, तर तंतू नीट फुटत नाही. आज एकदा करा, फोटो काढून ठेवा, आणि नवा आहार सुरू झाल्यावर महिन्याने पुन्हा. ह्याहून स्वस्त तपासणी मला ठाऊक नाही.

धाकटीचे वेगळे. वासरू जन्मते तेव्हा त्याच्या चार पोटांत निम्म्याहून मोठी जागा चौथ्या, दूध पचवणाऱ्या पोटाची असते. कोटीपोट लहानसे, आतून गुळगुळीत. मोठ्या गाईत पाचातले चार भाग एकटे कोटीपोट असते. मधला प्रवास आपोआप होत नाही. कोटीपोटाच्या आतल्या भिंतीवर जी बोंडे उगवतात, पोषण शोषून घेणारी, ती उगवतात आंबोणाच्या आंबण्यातून निघणाऱ्या आम्लांमुळे. चाऱ्याने पोटाचा आकार आणि स्नायू वाढतात, बोंडे फारशी नाहीत. लहानपणापासून नुसत्या पेंढ्यावर ठेवलेल्या वासराला मोठी पिशवी मिळते, पण शोषून घेणारे अस्तर विरळ. तुमची धाकटी त्या वाटेवर आहे, पण पाच महिने म्हणजे उशीर झालेला नाही. तिला रोज एक किलो वासरांचे आंबोण दोन वेळांत, चार-पाच किलो कोवळा नेपिअर, तोही पानांचाच वरचा भाग, आणि पेंढा फक्त चघळण्यापुरता. स्वच्छ पाणी सतत समोर. तिची गव्हाण वेगळी करा. एकत्र असल्या तर मोठी धाकटीला खाऊ देणार नाही.

युरियाबद्दल तुमची भीती योग्य ठिकाणी आहे. वाड्यावरचा बैल मेला तो युरिया विरघळलेले पाणी थेट प्यायल्याने. पोटात एकदम अमोनिया सुटतो, रक्तात जातो आणि तास-दोन तासांत खेळ संपतो. पेंढ्यावर प्रक्रिया करणे ही वेगळी गोष्ट. शंभर किलो सुक्या पेंढ्याला चार किलो युरिया, पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून. पेंढ्याचा एक थर, त्यावर झारीने पाणी, पायाने दाबणे, मग दुसरा थर. शेवटी प्लास्टिकने हवाबंद झाकून एकवीस दिवस हात लावायचा नाही. ह्या काळात युरियाचा अमोनिया होतो, तो लिग्निन आणि हेमिसेल्युलोजची मिठी सैल करतो आणि काडी फुगवतो. पचन आठ-दहा टक्क्यांनी सुधारते, प्रथिने तीन-चारांवरून सातच्या आसपास जातात. म्हणजे आधी सांगितलेली दोन्ही दुखणी एकाच वेळी कमी होतात.

आता डिसेंबर आहे, हवा कोरडी आहे, सरदाचा पेंढा नवा आहे. करायचे तर हेच दिवस. पावसाळ्यात झाकण जरा फाटले की आत बुरशी. उघडल्यावर रोज लागेल तेवढाच काढा आणि घालण्याआधी तासभर पसरून ठेवा, नाकाला झोंबणारा वास उडू द्या. मोठीला आणि गाईला पहिल्या दिवशी चौथा भाग, आठवड्याने पूर्ण. धाकटीला मात्र सहा महिन्यांची होईपर्यंत एक काडीही नाही, आणि त्यानंतरही मी आणखी दोन महिने थांबेन. युरियाचे पोते आणि ती बादली गोठ्यापासून लांब, कुलपात. चुकून कोणी प्यालेच तर आधी डॉक्टरांना फोन, आणि ते येईपर्यंत त्यांना विचारून भरपूर थंड पाणी आणि विनागर पाजायचे. घरात माडाची विनागर असतेच.

हे सगळे करायच्या आधी एक काम. दोघींचे शेण जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासायला द्या. भातशेतीच्या पाणथळीत चरणाऱ्या गुरांना गोगलगाईंमार्फत चपटे कृमी होतात, लहान वासरांत गोल जंत. सुटलेले पोट, राठ केस आणि कधी जबड्याखाली मऊ सूज ही त्यांचीही लक्षणे. पोटात जंत असताना वर सांगितलेला आहार म्हणजे फुटक्या घागरीत पाणी. पाहून-सवरून औषध घ्या. कोणते कृमी आहेत त्यावर औषध बदलते, दुकानातून अंदाजाने आणलेली गोळी चपट्या कृमींवर चालेलच असे नाही.

विकायचे म्हणता, तर आज १२३ किलोची उभ्या केसांची पाडी बाजारात कवडीमोलाने जाईल. तिला सहा महिने द्या. दर पंधरा दिवसांनी, त्याच वेळी, सकाळी पाणी पिण्याआधी टेप लावा आणि घेर वहीत लिहा. सहा महिन्यांत ती दोनशे किलोच्या घरात गेली, तर विकायचा विचार तुम्हीच सोडाल. जंत गेले, आहार बदलला आणि तरीही ती दीडशेच्या आत अडकली, तर दुखणे दुसरे काही आहे. मग डॉक्टरांना दाखवून निर्णय घ्या. नेपिअरच्या चांगल्या जातीच्या कांड्या हव्या असतील तर जुने गोव्याच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा. पण तुमचा आहे तोच नेपिअर वेळेवर कापलात तर नव्या जातीची घाई नाही.

तुमचा,
काका

ता. क. : उडवीच्या तळाशी काळे ठिपके पडलेला, कुबट वासाचा पेंढा निघेल. तो सासूबाईंच्या गाईलाही घालू नका. बुरशीच्या पेंढ्याने कानाची आणि शेपटीची टोके वाळून गळतात. तो थर सरळ खतखड्ड्यात.